साच्यापासून सुरुवात : होन हाय ऊर्फ फॉक्सकॉनच्या इतिहासाची प्रस्तावना

१९७४च्या फेब्रुवारीत तैपेईलगतच्या तुचेंग या गावात तेवीस वर्षांच्या एका तरुणाने प्लास्टिकचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना काढला. भाड्याची शेड, प्लास्टिक ओतायची एकदोन यंत्रे आणि दहाएक कामगार एवढाच पसारा होता. भांडवल म्हणून आईकडून घेतलेले सुमारे साडेसात हजार अमेरिकी डॉलर होते. कृष्णधवल दूरचित्रवाणी संचावर चॅनेल बदलण्यासाठी जे गोल बटण फिरवावे लागे, ते या शेडमध्ये बनू लागले. त्या तरुणाचे नाव टेरी गौ आणि कारखान्याचे नाव होन हाय. पुढे हीच कंपनी फॉक्सकॉन या नावाने जगाला माहीत झाली. भरभराटीच्या वर्षांत तिच्याकडे दहा लाखांहून अधिक माणसे कामाला होती. २०२४ साली तिची उलाढाल ६.८ लाख कोटी तैवानी डॉलरच्या पुढे गेली. अॅपलचे फोन, सोनीचे प्लेस्टेशन, अॅमेझॉनचे किंडल, डेल आणि एचपीचे संगणक अशा कितीतरी वस्तू तिच्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. यांतल्या बहुतेक वस्तूंवर ठळकपणे छापलेले नाव मात्र दुसऱ्याचे असते.

दुसऱ्याच्या नावाने माल बनवणे महाराष्ट्राला अजिबात नवे नाही. भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत गेलात, तर दोन गाळे सोडून तिसऱ्या गाळ्यात जॉबवर्क चाललेले असते. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, पुष्कळदा कच्चा मालही गिऱ्हाइकाचाच. यंत्र, वीज, हात आणि वेळेवर माल पोचवायची जबाबदारी आपली. ज्याला आज औपचारिक भाषेत इलेक्ट्रॉनिक उत्पादन सेवा म्हणतात, तो व्यवसाय मुळात हाच आहे. फॉक्सकॉन ही त्यातली जगातली सर्वांत मोठी कंपनी. म्हणून तिचा इतिहास मराठी वाचकाने परक्या देशाची अद्भुतकथा म्हणून वाचू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्याला चांगल्या ओळखीच्या धंद्याचा तो फार मोठा आणि फार महागात पडलेला विस्तार आहे. तो कशामुळे शक्य झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावेत, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले.

या व्यवसायाचा उगम तैवानमध्ये झाला नाही. १९६९ साली कॅलिफोर्नियात फ्लेक्सट्रॉनिक्स सुरू झाली. आसपासच्या संगणक कंपन्यांना सर्किट बोर्डांची गरज हाताबाहेर गेली, की ते बोर्ड ती हाताने डाग देऊन भरून देई. १९७७ साली त्याच परिसरात सोलेक्ट्रॉन उभी राहिली आणि १९९१मध्ये गुणवत्तेसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय बाल्ड्रिज पुरस्कार तिने मिळवला. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या एससीआय सिस्टिम्सला आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाचे काम मिळाले आणि ती झपाट्याने वाढली. सुरुवातीला हे सगळे पूरक काम होते. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे कारखाने होते आणि जास्तीचे काम तेवढे बाहेर जाई.

ऐंशीच्या दशकात तंत्र बदलले. तोवर सुट्या भागांच्या तारा बोर्डाच्या भोकांतून ओवून मागच्या बाजूने डाग दिला जाई. आता तांदळाच्या दाण्याहून लहान भाग बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवून भट्टीतून काढण्याची पद्धत आली. एवढे बारीक भाग माणसाचा हात वेगाने आणि अचूक बसवू शकत नाही. त्यासाठी लागणारी यंत्रे फार महाग होती आणि काही वर्षांतच जुनी होत. असे यंत्र रात्रंदिवस चालले तरच परवडते. पण एका कंपनीची मागणी दिवाळीत चढते आणि पावसाळ्यात उतरते, तेव्हा यंत्रे रिकामी पडतात. दहा गिऱ्हाइकांचे काम घेणाऱ्याकडे ती पडत नाहीत. या हिशेबाने नव्वदच्या दशकात मोठमोठ्या नावांनी आपले कारखानेच अशा कंपन्यांना विकून टाकले. वस्तूचा आराखडा, जाहिरात आणि नाव आपल्याकडे ठेवायचे, प्रत्यक्ष बनवणे दुसऱ्याकडे सोपवायचे, ही रीत रूढ झाली.

होन हाय या शर्यतीत वेगळ्या दाराने आली. तिच्या अमेरिकी प्रतिस्पर्ध्यांची सुरुवात बोर्डापासून झाली होती. होन हायची सुरुवात साच्यापासून झाली. या पुस्तकातला हा सर्वांत महत्त्वाचा धागा असल्याने तो थोडा सविस्तर मांडतो.

प्लास्टिकचा कोणताही भाग बनवायचा, तर आधी पोलादाचा साचा लागतो. आपल्याकडचे कारागीर त्याला मोल्ड म्हणतात. पत्रा कापायचा वा दाबायचा असेल, तर डाय लागते. वरवर पाहता पोलादाच्या ठोकळ्यात हव्या त्या आकाराची पोकळी कोरली की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात वितळलेले प्लास्टिक थंड होताना आकसते, आणि प्रत्येक प्लास्टिकचे आकसणे निराळे असते. भिंत जाड असेल तिथे खळगा पडतो, पातळ असेल तिथे भाग वाकतो. पाणी कुठून फिरवायचे, रस कोणत्या तोंडातून सोडायचा, तयार भाग कोणत्या खिळ्यांनी बाहेर ढकलायचा, हे सगळे आधी ठरवावे लागते. चूक झाली तर आठवड्यांचे काम वाया जाते. हे ज्ञान पुस्तकातून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे अनुभवी टूलमेकरच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहून मिळते.

गौ यांनी हे फार लवकर ओळखले. कारखान्याच्या हातात पहिला नफा येऊ लागला, तेव्हा तैवानमध्ये जमिनीचे भाव चढत होते आणि त्यात पैसा घालणाऱ्यांची कमी नव्हती. त्यांनी जपानी यंत्रे विकत घेतली आणि स्वतःची टूलरूम उभी केली. तोपर्यंत साचे बाहेरून बनवून घ्यावे लागत आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावे लागे. साचा घरात आला आणि मालाची तारीख आपल्या हातात आली. १९८०मध्ये अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीकडून जॉयस्टिकच्या कनेक्टरचे काम मिळाले. कनेक्टर म्हणजे दोन तारा किंवा दोन बोर्ड जोडणारा चिमुकला भाग. बाहेर प्लास्टिकचे घर आणि आत मुलामा दिलेल्या धातूच्या पट्ट्या. साचा, डाय आणि मुलामा या तीन कारागिऱ्या ज्याच्याकडे एका छताखाली आहेत, त्याचाच हा धंदा. वैयक्तिक संगणकाच्या प्रत्येक कोपऱ्यात कनेक्टर लागू लागले आणि होन हायला आयुष्यभराचे काम मिळाले. त्याच दशकात गौ अमेरिकेत अकरा महिने फिरले, न बोलावता कंपन्यांच्या दारात उभे राहिले आणि एकेक गिऱ्हाईक जोडत गेले.

कनेक्टरनंतर संगणकाची पेटी आली. १९९६मध्ये कॉम्पॅकसाठी ती बनवायला सुरुवात झाली. मग त्या पेटीत वीजपुरवठ्याचे, पंख्याचे, तारांचे भाग बसवून द्यायचे काम आले, आणि हळूहळू पूर्ण संगणकच. गिऱ्हाइकाला जोडणीचा दर कमी लावायचा आणि आतल्या स्वतः बनवलेल्या भागांवर कमाई करायची, ही होन हायची रीत ठरली. बोर्डापासून सुरुवात केलेल्या कंपन्यांना हे जमणे कठीण होते, कारण त्यांना पेटी, बिजागरी, कनेक्टर हे सगळे विकत घ्यावे लागे. २००७मध्ये फ्लेक्सट्रॉनिक्सने सोलेक्ट्रॉन विकत घेतली, तोवर होन हाय दोघींच्याही पुढे निघून गेली होती. त्याच वर्षी पहिला आयफोन बाजारात आला आणि तो जोडण्याचे काम तिच्याकडे होते.

एवढे वाचून ही कर्तबगारीची कहाणी वाटेल. कर्तबगारी आहेच, ती नाकारणे अन्याय होईल. पण एका टूलरूममधून दहा लाख माणसांचा कारखाना उभा राहत नाही. त्यासाठी माणसे लागतात. ती जिथून आली, ती गोष्ट या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहे.

१९८८मध्ये होन हायने चीनमधल्या शेन्झेनला पहिला कारखाना काढला. हाँगकाँगला लागून असलेल्या या भागाला १९८०मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला होता. हुनान, सिचुआन, हेनान, ग्वांगशी अशा प्रांतांतल्या खेड्यांतून सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींचे लोंढे तिथे येत होते. चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची नोंद गावाला बांधलेली असते. शहरात काम मिळाले म्हणून शहराचे हक्क मिळत नाहीत. मुलांची शाळा, घर, सरकारी दवाखाना यांसाठी गावाकडेच पाहावे लागते. त्यामुळे शहरात येणारा कामगार एकटा येई, वसतिगृहाच्या खाटेवर राही आणि काही वर्षांनी परत जाई. कारखान्याच्या आवारातच राहणारा, पाळी बदलली की दहा मिनिटांत लाइनवर हजर होणारा असा कामगारवर्ग जगात इतक्या संख्येने पूर्वी कुठे जमला नव्हता. शेन्झेनच्या लाँगह्वा भागातले होन हायचे आवार म्हणजे एक शहरच झाले. त्यात स्वयंपाकघरे होती, दुकाने होती, बँका होत्या, रुग्णालय होते, स्वतःचे अग्निशमन दल होते.

या शहराचे अर्थकारण समजल्याखेरीज पुढची प्रकरणे समजणार नाहीत. केनेथ क्रेमर, ग्रेग लिंडेन आणि जेसन डेड्रिक या तीन अभ्यासकांनी २०११ साली आयफोन ४च्या किमतीची फोड केली. त्यातला ५८.५ टक्के वाटा अॅपलचा नफा होता. चीनमधल्या मजुरीचा वाटा १.८ टक्के होता. जोडणी करणाऱ्या कंपनीचा स्वतःचा निव्वळ नफाही उलाढालीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच राहतो. ज्या धंद्यात शंभर रुपयांमागे दोन-तीन रुपये सुटतात, त्यात कमाई वाढवायचे दोनच मार्ग उरतात. माल अफाट प्रमाणात बनवायचा, आणि प्रत्येक हालचालीतून सेकंद वाचवायचे. लाइनवरच्या मुलीने एक स्क्रू किती सेकंदांत बसवावा, याचे मोजमाप होते. नव्या फोनची विक्री सुरू होण्याआधीच्या महिन्यांत कामाचा जोर अचानक चढतो आणि नंतर तितकाच अचानक ओसरतो. हा चढउतार गिऱ्हाईक कंपनी कारखान्यावर ढकलते आणि कारखाना तो कामगाराच्या ओव्हरटाइमवर ढकलतो. साखळीच्या वरच्या टोकाला घेतलेला प्रत्येक निर्णय शेवटी कोणाच्या तरी झोपेतून वजा होतो.

२०१०मध्ये हे जगासमोर आले. त्या एका वर्षात फॉक्सकॉनच्या चीनमधल्या आवारांत चौदा तरुण कामगारांनी इमारतींवरून उडी घेऊन जीव दिला. आणखी काही जण वाचले आणि कायमचे अपंग झाले. बहुतेकांचे वय सतरा ते पंचवीसच्या मध्ये होते. कंपनीने इमारतींभोवती जाळ्या बांधल्या, समुपदेशनाची सोय केली, पगार वाढवले. एवढ्या प्रचंड कामगारसंख्येत हे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक नाही, असा युक्तिवाद तेव्हा अनेकांनी केला. मला तो युक्तिवाद मान्य नाही. देशाच्या सरासरीत वृद्ध असतात, आजारी असतात, एकाकी असतात. इथे नुकतीच नोकरी लागलेली, धडधाकट, घरी पैसे पाठवायच्या उमेदीने आलेली मुले होती. ती एकाच मालकाच्या छताखाली राहत आणि काम करत होती. त्यांच्या मरणाचे उत्तर आकडेमोडीत सापडत नाही. २०१२मध्ये अॅपलच्या विनंतीवरून फेअर लेबर असोसिएशनने तीन कारखान्यांची तपासणी केली आणि ३५ हजारांहून अधिक कामगारांना प्रश्न विचारले. कामाचे तास चिनी कायद्याची मर्यादा ओलांडत होते आणि कामाच्या गर्दीत आठवड्याला साठ तासांच्या पुढे जात होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच काळात शेन्झेनच्या लाइनवर शू लिझी नावाचा एक तरुण काम करत होता. तो कविता लिहायचा. पोलाद, रात्रपाळी, जमिनीवर पडलेला स्क्रू हे त्याच्या कवितेचे विषय. २०१४मध्ये चोविसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्या मित्रांनी कविता लोकांपुढे आणल्या आणि नंतर त्यांचा संग्रह निघाला. मराठी वाचकाला कामगाराच्या कवितेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. गिरणगावातून आलेल्या नारायण सुर्व्यांनी कामगाराला आपल्या कवितेत त्याच्या पूर्ण उंचीने उभे केले. सुर्व्यांच्या कामगाराभोवती चाळ होती, युनियन होती, शाहीर होते, भांडणारे आणि सांभाळणारे शेजारी होते. शूच्या वाट्याला वसतिगृहातली खाट आली आणि दर काही महिन्यांनी बदलणारे सोबती आले. दोघांच्या काळातले हे अंतर मनावर घेतले, तर कारखान्याच्या भिंतीबाहेरची वस्ती किती मोलाची असते हे उमगते. या पुस्तकात कामगारांच्या राहण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचे कारण हेच.

२०१०नंतर कंपनीने आपला मोर्चा आतल्या प्रांतांकडे वळवला. कामगार शेन्झेनला यायचे त्याऐवजी कारखाना कामगारांच्या प्रांतात गेला. हेनानची राजधानी झेंगझोऊ इथे उभ्या राहिलेल्या आवारात दिवसाला पाच लाखांपर्यंत आयफोन तयार होऊ लागले. कारखाना आणि कामगारांची घरे बांधायला स्थानिक सरकारने दीड अब्ज डॉलरहून अधिक मदत दिली, असे न्यूयॉर्क टाइम्सने २०१६मध्ये दाखवून दिले. त्याशिवाय रस्ते आणि वीज दिली, कामगार भरतीला हातभार लावला, कारखान्याच्या दाराशी सीमाशुल्काची सोय केली. खासगी कंपनीची कार्यक्षमता म्हणून जिचे कौतुक होते, तिच्यात सरकारी तिजोरीचा एवढा वाटा असतो, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. याच झेंगझोऊमध्ये २०२२च्या ऑक्टोबरात करोनाच्या टाळेबंदीला घाबरून हजारो कामगार कुंपण ओलांडून बाहेर पडले आणि शेतांतून, महामार्गांवरून चालत गावाकडे निघाले. आपण २०२०च्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक रस्त्यावर पाहिलेली माणसे त्या चित्रांत पुन्हा दिसली. पुढच्या महिन्यात ठरलेल्या पगारावरून तिथे मोठा असंतोष उसळला.

आता घोषणांविषयी. हे पुस्तक लिहावे असे वाटण्याचे तात्कालिक कारण त्यांतच आहे.

२०१५च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने फॉक्सकॉनशी सामंजस्य करार केला. टेरी गौ स्वतः मुंबईत आले होते. पाच वर्षांत पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि किमान पन्नास हजार रोजगार यांची घोषणा झाली. प्रकल्प उभा राहिला नाही. २०२०मध्ये तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तो येणार नसल्याचे सांगितले. मग वेदांत आणि फॉक्सकॉन यांच्या भागीदारीत सेमीकंडक्टरचा कारखाना काढायचे ठरले. त्यासाठी पुण्याजवळच्या तळेगावचे नाव पुढे होते, पण सप्टेंबर २०२२मध्ये भागीदारांनी गुजरातशी करार केला. दीड लाख कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचा हा प्रकल्प महाराष्ट्राच्या तोंडचा घास हिरावून नेला गेला म्हणून राज्यभर वादळ उठले. विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत तोच विषय होता. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. आपण ज्यावरून भांडलो, तो ठरलेला कारखाना गुजरातलाही मिळाला नाही.

यात महाराष्ट्र एकटा नाही. २०१७च्या जुलैमध्ये अमेरिकेत व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या उपस्थितीत गौ यांनी विस्कॉन्सिन राज्यात दहा अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि तेरा हजार रोजगार देण्याची घोषणा केली. माउंट प्लेझंट या गावाने जमिनी घेतल्या, घरे पाडली, कर्ज काढून रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्या टाकल्या. २०२१मध्ये नवा करार झाला तेव्हा गुंतवणूक ६७ कोटी २० लाख डॉलरवर आणि रोजगार १,४५४वर आले होते. नंतर तिथल्या मोठ्या जागेवर मायक्रोसॉफ्टने माहिती केंद्राचे काम हाती घेतले.

या तिन्ही कहाण्या कंपनीच्या पूर्वेतिहासाशेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. होन हाय जिथे खरोखर मोठी झाली, तिथे कराराच्या आधी बरेच काही उभे होते. तुचेंगला साचे बनवणारे हात होते. शेन्झेनला शेजारी हाँगकाँगचे बंदर होते, तासाभराच्या अंतरात शेकडो पुरवठादार जमत गेले होते. स्क्रू कमी पडला तर संध्याकाळपर्यंत मिळत होता, साचा बिघडला तर रात्रीतून दुरुस्त होत होता. विस्कॉन्सिनमध्ये सवलती होत्या, पण हा शेजार नव्हता.

आपल्या इतिहासातली एक तारीख मला इथे सतत टोचत राहते. मुंबईत अंधेरीला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीचे क्षेत्र १९७३ साली सुरू झाले. म्हणजे टेरी गौ यांनी तुचेंगला शेड भाड्याने घेतली, त्याच्या आदल्या वर्षी. बंदर होते, विमानतळ होता, इंग्रजी येणारे अभियंते होते, जवळच अणुसंशोधन केंद्र आणि आयआयटी होती. पुढे सीप्झची ओळख हिऱ्यांच्या दागिन्यांसाठी आणि सॉफ्टवेअरसाठी झाली. तो व्यवसायही मोलाचा आहे. पण साच्यांपासून संगणकापर्यंत चढत जाणारी इलेक्ट्रॉनिक उत्पादनाची साखळी तिथे रुजली नाही. याची कारणे मी एका प्रकरणात मांडली आहेत. परवान्यांच्या मर्यादेत अडकलेले उत्पादन, सुट्या भागांवरचे चढे आयातशुल्क आणि सीमाशुल्काच्या भिंतीमुळे बाहेरच्या लघुउद्योगांशी तुटलेला संबंध ही त्यांतली मुख्य. निर्यात क्षेत्रातला कारखाना परदेशातून भाग आणी आणि जोडून परदेशी पाठवी. कुर्ला किंवा ठाण्याच्या टूलमेकरला त्यातून काम मिळत नव्हते, आणि काम मिळाल्याशिवाय कारागिरी वाढत नाही.

ही कारागिरी महाराष्ट्रात नव्हती असे कोणी म्हणू नये. सुमंत मुळगावकरांच्या दूरदृष्टीने टेल्कोने साठच्या दशकात पुण्यात पाय रोवले ते प्रशिक्षण आणि यंत्रे, साचे, डाय बनवण्याच्या कामापासून. गाड्या नंतर आल्या. पिंपरी, भोसरी, चाकणचा आजचा वाहनउद्योग त्या पायावर उभा आहे. तिथे तयार झालेले कारागीर बाहेर पडले, त्यांनी स्वतःचे गाळे घेतले, आणि त्या गाळ्यांतून पुढची पिढी शिकली. तुचेंगमध्ये घडले तेच पुण्यात मोटारींच्या बाबतीत घडले. म्हणून इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते घडणार नाही, असे मी मानत नाही.

भारतात ते कसे घडते आहे, हे पाहायला तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला जावे लागते. नोकियाच्या कारखान्यामागोमाग फॉक्सकॉन तिथे आली. २०१४च्या अखेरीस नोकियाचे काम थांबले तेव्हा तिचाही कारखाना बंद पडला आणि हजारो हातांचे काम गेले. पण कुशल कामगार, पुरवठादार आणि चेन्नईचे बंदर तिथेच राहिले. काही वर्षांनी आयफोनची जोडणी सुरू झाली, तेव्हा कंपनी त्याच पट्ट्यात होती. आज तिथल्या लाइनवर मोठ्या संख्येने तरुण मुली आहेत. डिसेंबर २०२१मध्ये वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा होऊन दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावे लागले. संतापलेल्या मुलींनी चेन्नई-बंगळूरू महामार्ग अडवला. वसतिगृहे आणि भोजनगृहे निकषांना उतरत नसल्याचे अॅपलला मान्य करावे लागले आणि कारखाना काही काळ देखरेखीखाली राहिला. ऑगस्ट २०२४मध्ये वल्लम वडगल इथे १८,७२० महिलांची सोय असलेली निवासी वसाहत उघडली, ती राज्याच्या औद्योगिक महामंडळाने बांधलेली. त्या मुली रस्त्यावर उतरल्या नसत्या, तर त्यांच्या राहण्याचा प्रश्न इतक्या निकडीने कोणी हाती घेतला असता असे मला वाटत नाही. कारखान्याचा इतिहास त्यांनीही घडवला आहे.

कंपनी आता पुन्हा कात टाकते आहे. २०१६मध्ये तिने शतक ओलांडलेली जपानी शार्प कंपनी ताब्यात घेतली. २०१९मध्ये गौ अध्यक्षपदावरून उतरून राजकारणात गेले आणि यंग लिऊ त्यांच्या जागी आले. २०२४मध्ये भारत सरकारने लिऊ यांना पद्मभूषण दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या सर्व्हरची मागणी इतकी वाढली, की २०२५च्या दुसऱ्या तिमाहीत त्या विभागाची विक्री फोन आणि इतर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या पुढे गेली. सर्व्हरची पेटी, त्यातले कनेक्टर आणि त्याला थंड ठेवणारी यंत्रणा ही सगळी कामे कंपनीच्या जुन्याच कौशल्यावर उभी आहेत.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात तुचेंगची टूलरूम आणि कनेक्टरची वर्षे आहेत. दुसऱ्या भागात शेन्झेन, झेंगझोऊ आणि कामगारांचे जगणे आहे. तिसऱ्या भागात नफ्याची विभागणी आणि गिऱ्हाईक कंपन्यांची जबाबदारी तपासली आहे, आणि चौथा भाग भारताचा आहे. गौ यांचे चरित्र म्हणून हे लिहिलेले नाही. त्यांची जिद्द आणि त्यांची कठोर शिस्त दोन्ही त्यात येतात, पण एका माणसाच्या स्वभावातून एवढा मोठा उद्योग समजत नाही. तांत्रिक भाग टाळून पुढे जाण्याचा मोह वाचकाला होईल. तो आवरावा, अशी विनंती आहे. साचा कसा बनतो हे समजले, की कारखाना कुठे टिकतो आणि कुठून निघून जातो हेही समजते.

माझी अपेक्षा एवढीच आहे, की यापुढे एखाद्या मोठ्या प्रकल्पाची घोषणा होईल तेव्हा मराठी वाचकाने गुंतवणुकीच्या आकड्यावर थांबू नये. या कारखान्याला लागणारे साचे आणि सुटे भाग आपल्या जिल्ह्यात कोण बनवणार, हे विचारावे. आपल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना तिथे हात चालवण्यापलीकडे काय शिकायला मिळणार, हे विचारावे. ती मुले कुठे राहणार, काय जेवणार, किती तास काम करणार आणि तक्रार घेऊन कोणाच्या दारात जाणार, हे तर सर्वांत आधी विचारावे. शासनाने, उद्योजकांनी आणि संघटनांनी या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवली, तर करार कोणत्या राज्याशी झाला याची चिंता आपल्याला फार काळ करावी लागणार नाही. कारण ज्या गावात ही तयारी असते, त्या गावाचा पत्ता उद्योग स्वतः शोधत येतो. तो आला की तिथल्या माणसांनी त्याला आपल्या अटींवर थांबवून घ्यावे, एवढे बळ त्यांच्यात यावे यासाठी हा इतिहास वाचायचा.